सेल्विन ग्रीनवूडचा उलट्या स्वभावाचा रेडिएटर

सेल्विन ग्रीनवूड बस डेपोत वेळापत्रकं सांभाळायचा. एकतीस वर्षं. हातात घड्याळ आणि वही घेऊन थांब्यावर उभं राहायचं, बस किती मिनिटं उशिरा आली ते लिहायचं आणि ड्रायव्हरकडे नुसतं बघायचं, एवढंच काम. पण ते तो असं मन लावून करायचा की काही ड्रायव्हर त्याला लांबून पाहूनच आधीच्या थांब्यावर दोन मिनिटं जास्त थांबत, म्हणजे लवकर आल्याबद्दल तरी बोलणी बसू नयेत. यॉर्कशरमधल्या आमच्या टॉडमर्डन गावात लोकांचं त्याच्यावर फार प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. पण तो रस्त्यात दिसला की माणसं मनगटाकडे बघत, हे मात्र खरं.

निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याची बायको एनिड हिने सटक्लिफ बंधूंच्या घराचा अर्धा भाग घेतला. अर्धा म्हणायचं कारण असं, की ते मुळात एकच मोठं दगडी घर. सत्तरच्या दशकात दोघा भावांचं बँडमधल्या एका ट्रॉम्बोनवरून, म्हणजे एका लांबलचक पितळी वाद्यावरून, बिनसलं, आणि त्यांनी घराच्या मधोमध वरपासून खालपर्यंत भिंत घातली. ज्याचं त्याचं दार, ज्याचा त्याचा जिना, ज्याचा त्याचा बॉइलर. दोघेही भाऊ पुढे वारले. ट्रॉम्बोन कुणाकडे गेला ते कुणालाच माहीत नाही.

भिंतीपलीकडच्या अर्ध्यात हेस्टर पिकल्स राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची, पन्नाशी उलटलेली अविवाहित बाई. बेकरीत पहाटे चारला कामाला लागायची, दुपारी दोनला घरी यायची आणि संध्याकाळी सात वाजता, बाकीचं गाव जेवायला बसत असताना, झोपायची. ग्रीनवूड मंडळी राहायला आली त्याच आठवड्यात सेल्विनने तिच्या दारातून एक चिठ्ठी आत सरकवली. तिच्यात लिहिलं होतं, की आपला कचऱ्याचा डबा आमच्या हद्दीत अकरा इंच येतो, तरी कृपया दखल घ्यावी. हेस्टरने दखल घेतली. डबा अकरा इंच मागे घेतला आणि त्या दिवसापासून ग्रीनवूडांशी बोलणं सोडलं. पुढचे चौदा महिने दोन्ही घरांत एक शब्दही झाला नाही.

आता माझ्याबद्दल. माझं बाजाराच्या कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. मी क्रॅबट्री. खिळे, रंग, नळ, बिजागऱ्या, सगळं ठेवतो, आणि त्याच्याबरोबर सल्ला फुकट देतो. या प्रकरणात माझा हात किती होता ते पुढे येईलच.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एनिडला चर्चच्या हॉलमधल्या नाताळच्या नाटकासाठी एक गाय शिवायची होती. दोन माणसांनी आत शिरायची गाय असते ना, एक पुढे, एक मागे, तशी. दुपारी एनिड जुने कपडे विकून धर्मादायाला पैसे देणाऱ्या एका दुकानात कामाला असायची. त्यामुळे गाय शिवायची ती रात्रीचं जेवण झाल्यावर, वरच्या मागच्या खोलीत. ती खोली हेस्टरच्या भिंतीला लागून. आणि त्या खोलीतला रेडिएटर, म्हणजे बॉइलरचं गरम पाणी आत फिरून खोली तापवणारं भिंतीवरचं लोखंडी खोकं, गार.

एनिडने पहिल्या आठवड्यात बोटं चोळत काढली. दुसऱ्या आठवड्यात तिने गायीचा मागचा भाग शिवून संपवला, आणि कापूस भरलेले ते दोन पाय पाहून तिला वाटलं, हे नुसतं खुंटीला टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे. तेव्हापासून ती गायीचा मागचा भाग कमरेपर्यंत चढवूनच पुढचा भाग शिवायला बसू लागली. मांड्या गरम राहायच्या. शेपूट खुर्चीच्या मागे सोडायची.

सेल्विनला हे पाहवेना. गायीचं नव्हे, रेडिएटरचं. घरात एक वस्तू आपलं काम करत नाही, म्हणजे त्याच्या डोक्यात एक बस कायमची उशिरा. तो माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर वही उघडून ठेवली. तिच्यात नोंदी होत्या. संध्याकाळी पाचला आमचा बॉइलर सुरू होतो. त्या वेळी हा रेडिएटर कोमट असतो. साडेसहाला बाकीचे सगळे रेडिएटर हात भाजतील इतके तापलेले असतात आणि हा थंड. आठला बर्फ.

"म्हणजे मी जितकं तापवतो तितका हा गार होतो," सेल्विन म्हणाला.

आता इतकी स्पष्ट खूण समोर असताना शहाण्या माणसाने विचार केला असता. मी म्हणालो, "हवा अडकली असणार."

रेडिएटरचा वरचा भाग गार राहिला की आत हवा असते, हे कुणीही सांगेल. बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो चावीने थोडा सैल करायचा. आधी फुस्स करून हवा निघते, मग पाणी आलं की बंद करायचं. मी त्याला पितळी चावी दिली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. म्हणाला, फुस्स झालंच नाही, पहिल्याच वळणाला पाणी आलं. मी म्हणालो, मग हवा नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं, जसा काही मी मोठा शोध लावला होता.

मग मी म्हणालो, घरातले बाकीचे रेडिएटर सगळं गरम पाणी ओढून घेत असतील. ज्याचा नंबर शेवटी, त्याच्या वाट्याला काही उरत नाही. बाकीच्यांच्या खालच्या व्हॉल्व्हचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, म्हणजे पाणी पुढे जातं. हाही सल्ला चुकीचा नव्हता, फक्त सेल्विनला 'थोडं' हे माप माहीत नव्हतं. त्याने सगळे इतके आवळले की दोन दिवस अख्खं घर गारठलं. न्हाणीघरात टूथपेस्ट बाहेर येईना. मागच्या खोलीतला रेडिएटर मात्र पाचला कोमट आणि आठला बर्फ, ठरल्याप्रमाणे. एनिडने त्या दोन दिवसांत गायीचा मागचा भाग जेवतानाही काढला नाही.

सेल्विनने सगळे स्क्रू पुन्हा होते तसे केले आणि माझ्याकडे आला. या वेळी त्याने विचारलं, "क्रॅबट्री, तुला खरंच यातलं कळतं ना?"

मला ते लागलं. मी म्हणालो, आता एकच उरलं, गाळ. लोखंड आतून गंजतं, त्याचा काळा चिखल तळाशी बसतो आणि वाट अडवतो. खालून पाणी काढायचं, अर्धी बादली, आठवड्यातून एकदा, काळं यायचं थांबेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी पाणी काढल्यावर खाली जाऊन बॉइलरवरचा काटा बघायचा, कारण पाणी गेलं की दाब उतरतो आणि तो पुन्हा भरून घ्यावा लागतो, नाहीतर बॉइलर चालूच होत नाही.

त्याने रविवार निवडला, सकाळचे दहा. पहिल्या रविवारी कोऱ्या चहासारखं काळं पाणी निघालं, अर्धी बादली. त्यातलं थोडं त्याने जॅमच्या बरणीत भरलं, बरणीवर तारीख चिकटवली आणि खिडकीत ठेवली, म्हणजे दर आठवड्याला रंगात काय फरक पडतो ते कळेल. मग खाली जाऊन त्याने काटा पाहिला. काटा जागच्या जागी. एक केसभरही हललेला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही, तिसऱ्याही नाही.

हे सांगताना त्याची छाती फुगली होती. त्याच्या मते त्याचा बॉइलर हे यॉर्कशरमधलं सर्वोत्तम यंत्र होतं. मीही म्हणालो, जुन्या वस्तूंची गोष्टच वेगळी.

त्याच सुमारास, सोमवारी दुपारी, हेस्टर पिकल्स माझ्या दुकानात येऊ लागली. तिच्या बॉइलरने संप पुकारला होता. आठवड्यातून एकदाच, पण नेमका रविवारी. तिला सुट्टीचा तो एकच दिवस. ती उशिरा उठायची, बाराला बॉइलर लावायची आणि टबात पडून राहायची, हे तिचं वर्षानुवर्षांचं सुख. आता बाराला बटण दाबलं की बॉइलर चालूच व्हायचा नाही, काटा शून्यावर. पाणी भरलं की पुन्हा शनिवारपर्यंत ठणठणीत.

"तो रविवार पाळतो, असं वाटायला लागलंय मला," हेस्टर म्हणाली. "माझ्या आजीसारखा."

मी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणालो, कुठेतरी गळती असणार. जमिनीखालचा पाइप. लाकडी जमिनीच्या फळ्या उचलून बघा. मी तिला फळ्या उचलायची पहार विकली. पुढच्या सोमवारी खिळे विकले, कारण पहिल्या खोलीत काहीच सापडलं नव्हतं आणि फळ्या परत ठोकायच्या होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी खिळे. तीन खोल्या झाल्या. तिला गळती सापडली नाही. एक चमचा, लग्नाची एक जुनी पत्रिका आणि मेलेला उंदीर सापडला.

तुम्ही म्हणाल, सोमवारी ही येते, मंगळवारी तो येतो, दोघांची भिंत एक, एकाकडे पाणी काढूनही कमी होत नाही आणि दुसरीकडे कुणी न काढता कमी होतं, तरी या माणसाला कळलं कसं नाही. मी स्वतःला अनेकदा विचारलंय. ज्याचं त्याचं दुखणं वेगळं ऐकायची मला सवय, एवढंच सांगू शकतो.

पाचव्या आठवड्यात सेल्विन म्हणाला, पाणी आता जवळजवळ स्वच्छ यायला लागलंय, तरी रेडिएटर गारच. मी म्हणालो, चिखल घट्ट चिकटला असेल, रबरी हातोड्याने ठोकून सैल करावा लागेल. तो म्हणाला, या वेळी तू ये. तेव्हा रविवारी सकाळी मी रबरी हातोडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. एनिड शिवणयंत्रापाशी बसली होती, मागचा भाग चढवून. तिने मला चहा विचारला आणि स्वतःच्या पोशाखाबद्दल काहीच बोलली नाही. त्यामुळे मीही बोललो नाही.

खिडकीत चार बरण्या ओळीने उभ्या होत्या, काळ्यापासून पिवळसरपर्यंत. सेल्विनने दहा वाजले याची खात्री केली, खालचा स्क्रू सैल केला, आणि मी बादली धरली. अर्धी बादली भरली. मग हातोडा त्याने माझ्याकडून घेतला आणि रेडिएटरच्या पोटावर तीन ठोके दिले, ठक, ठक, ठक.

रेडिएटरमधून तीन ठोके परत आले.

सेल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, धातू आकुंचन पावतो तेव्हा असे आवाज येतात. त्याने घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं, दहा बावीस, तीन. मग दोन ठोके दिले. थोडं थांबून दोन परत आले. एनिडने शिवणयंत्र थांबवलं.

"सेल्विन," ती म्हणाली, "त्याला विचार तरी, काय झालंय ते."

ती गंमत करत होती की नाही हे मला अजून माहीत नाही. सेल्विन करत नव्हता. त्याने घसा साफ केला, पाच ठोके दिले, आणि कान लावून बसला. या वेळी उत्तर मोजता येईना. आतून धडाधड, धडाधड असा गदारोळ सुरू झाला. रेडिएटर भिंतीवर थरथरायला लागला आणि बादलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठली. मग एकदम शांत. आणि पाठोपाठ खाली दाराची घंटा वाजली, बोट दाबून धरल्यासारखी.

पलीकडे काय चाललं होतं ते नंतर कळलं. हेस्टरने त्या दिवशी हेलिवेल प्लंबरला बोलावलं होतं. तो रविवारी कुणाकडे जात नाही, पण बिघाड फक्त रविवारीच होतो म्हटल्यावर त्याला यावंच लागलं. हेस्टर तिच्या सवयीपेक्षा दोन तास लवकर उठली होती आणि त्यामुळे आधीच चिडलेली. हेलिवेल नवापासून तिच्या स्वयंपाकघरात बॉइलरसमोर खुर्ची टाकून, बनपाव खात, काट्याकडे बघत बसला होता. दहा वाजून पाच मिनिटांनी, घरात काहीही चालू नसताना, कुणी कशाला हात लावलेला नसताना, त्याच्या डोळ्यांदेखत काटा खाली उतरायला लागला आणि उतरत उतरत शून्यावर आला. हेलिवेल म्हणतो, बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच त्याला चर्चमध्ये जावंसं वाटलं. मग पाइपांतून तीन ठोके आले. त्याने पान्याने तीन ठोके परत दिले. पुढे पाच ठोके आले तेव्हा हेस्टरने बेकरीचं मोठं लाटणं उचललं आणि पाइपवर जे सुरू केलं, तो आम्ही ऐकलेला गदारोळ. पाइपाला कान लावून हेलिवेल ओरडला की हे भिंतीपलीकडून येतंय, आणि हेस्टर लाटण्यासकट निघाली.

सेल्विनला रेडिएटर सोडून उठता येत नव्हतं, स्क्रू अजून सैल होता. माझ्या हातात बादली. तेव्हा दार उघडायला एनिड गेली. घाईत तिच्या लक्षातच राहिलं नाही, की कमरेखाली ती गाय आहे. जिना उतरताना कापसाचे ते पाय एकमेकांवर घासत होते तो आवाज आम्हाला वरपर्यंत येत होता.

दारात हेस्टर उभी. चौदा महिन्यांत न बोललेली. तिने एनिडकडे वरपासून खाली पाहिलं, शेपटीपाशी क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "मिसेस ग्रीनवूड, गाय जरा बाजूला घ्या. मला वर जायचंय."

एनिडने गाय बाजूला घेतली. हेस्टर वर आली, मागून हेलिवेल. हेलिवेलने बादलीकडे पाहिलं, रेडिएटरकडे पाहिलं, वाकून रेडिएटरच्या पाइपावरून बोट फिरवत फिरवत जमिनीपर्यंत नेलं आणि तिथून भिंतीपर्यंत. पाइप भिंतीत शिरत होता. मग तो खाली गेला आणि हेस्टरच्या घरात शिरला.

खोलीत आम्ही चौघं. हेस्टर खिडकीतल्या बरण्या पाहत होती. तारखा वाचत होती. सगळे रविवार.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हेलिवेल ओरडला की आता मी पाणी भरतोय, आलं की सांगा. सेल्विन म्हणाला, काय आलं? आणि आलंच. सैल स्क्रूमधून पाण्याची सरळ धार निघाली ती सेल्विनच्या शर्टावर, तिथून वहीवर, आणि तो मागे सरकला तशी टेबलावर ठेवलेल्या गायीच्या पुढच्या भागावर, थेट तोंडावर. मी अंगठा लावून धार अडवायला गेलो तर ती दोन्ही बाजूंनी फुटली.

"आलं का?" हेलिवेलने विचारलं.

"आलं," हेस्टर म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही चढउतार नव्हता.

सटक्लिफ भावांनी भिंत घातली, दारं घातली, बॉइलर वेगळे केले, पण ज्या कुणी पाइप वेगळे केले त्याने हा एक रेडिएटर विसरून ठेवला होता. खोली ग्रीनवूडांची, रेडिएटर हेस्टरच्या बॉइलरवर. दुपारी दोनला ती कामावरून येऊन घर तापवायची, साडेचारला बॉइलर बंद करायची आणि सातला झोपायची. पाचला सेल्विन हात लावायचा तेव्हा तो कोमट लागायचा ते तिच्या कृपेने, आणि आठला बर्फ ते तिचा बॉइलर बंद असल्यामुळे. दुपारी ग्रीनवूडांपैकी त्या खोलीत कुणीच जायचं नाही. रेडिएटर रिकाम्या खोलीत एकटाच इमानेइतबारे तापत बसायचा. सेल्विनचा काटा हलत नव्हता, कारण सेल्विन आपल्या बॉइलरातलं पाणी काढतच नव्हता.

हेलिवेल परत आला आणि जमिनीवर बसूनच हे सगळं त्याने सांगितलं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. हेस्टर हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे या बरण्यांत माझं पाणी आहे?"

सेल्विन म्हणाला, तसं म्हणता येईल.

"मग मी ते घेऊन जाते."

आणि खरंच चारही बरण्या तिने उचलल्या. त्या गढूळ पाण्याचा कुणाला काय उपयोग, पण सेल्विनची हिंमत झाली नाही. त्याने ओल्या शर्टानिशी तिची माफी मागितली. मला वाटतं, एकतीस वर्षांत त्याने दुसऱ्याला माफी मागायला लावली असेल, स्वतः मागितली नसावी, कारण डेपोच्या फलकावरचेच शब्द त्याच्या तोंडी आले. तो म्हणाला, झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत.

हेस्टरने बरण्या छातीशी धरल्या, दाराकडे वळली, आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा अंगठा अजून स्क्रूवर होता.

"क्रॅबट्री," ती म्हणाली, "तू इथे काय करतोयस?"

सेल्विन म्हणाला, पाणी काढायचा सल्ला यानेच दिला. हेस्टर म्हणाली, फळ्या उचलायचा सल्लाही यानेच दिला. सेल्विनने विचारलं, कसल्या फळ्या? तिने सांगितलं. तीन खोल्या, सोमवारचे खिळे, चमचा, उंदीर. सेल्विनने भिजलेली वही उघडली आणि तारखा जुळवल्या. मग दोघं शेजारी शेजारी उभे राहून माझ्याकडे बघायला लागले. हेस्टर म्हणाली, एवढ्या दिवसांत तुला एकदाही वाटलं नाही? सेल्विन म्हणाला, त्याला वाटलं की जुन्या वस्तूंची गोष्टच वेगळी. पाचेक मिनिटं दोघं मिळून मला बोलत होते. एकाचं वाक्य संपलं की दुसरं सुरू करायचं, अगदी बरीच वर्षं बरोबर काम केल्यासारखं. चौदा महिन्यांचा अबोला माझ्यावर संपला. एनिडने मध्ये चहा आणला तेव्हा हेस्टरने साखर किती ते सांगितलं आणि खुर्चीवर बसली. मला कुणी बसा म्हटलं नाही. मी हातोडा तिथेच ठेवून निघालो.

गायीचं तोंड वाळेपर्यंत बुधवार उजाडला. एक डोळा काळपट राहिला तो राहिलाच. नाटक झालं, आणि लहान मुलांना तोच डोळा सगळ्यांत आवडला.

हेलिवेलने सांगितलं होतं, की पाइप तोडून रेडिएटर सेल्विनच्या बॉइलरला जोडायचा तर दोन्ही घरांतल्या फळ्या उचलाव्या लागतील. फळ्या हा शब्द ऐकून हेस्टरने साफ नकार दिला. हिवाळा संपेपर्यंत राहू दे म्हणाली. तिने सेल्विनला तिच्या बॉइलरच्या वेळा लिहून दिल्या, आणि सेल्विन कित्येक महिन्यांत पहिल्यांदा समाधानी दिसला. दोन वाजून दहा मिनिटांनी पाइप गरम व्हायचा. फार तर मिनिटभर इकडे तिकडे. एनिडने दुकानातल्या आपल्या पाळ्या सकाळच्या करून घेतल्या आणि दुपारी त्या खोलीत शिवायला बसू लागली. अडीचच्या सुमारास हेस्टर यायची, रेडिएटरवर हात ठेवून आपली उष्णता नीट पोचतेय ना ते बघायची, आणि बेकरीतून आणलेलं काहीतरी टेबलावर ठेवून चारपर्यंत बसायची.

एप्रिलमध्ये फळ्या उचलल्या गेल्या. हेलिवेलने रेडिएटर हेस्टरच्या पाइपांवरून तोडून ग्रीनवूडांच्या पाइपांना जोडला. आणि तो तापेना. म्हणजे तापायचा, पण कसाबसा, कारण आता त्याचा नंबर खरोखरच शेवटी होता. बॉइलरजवळचे रेडिएटर सगळं गरम पाणी खाऊन टाकत होते. सेल्विनने माझ्याकडे येण्याऐवजी हेलिवेलला विचारलं. मग दोन थर्मामीटर घेऊन त्याने पूर्ण शनिवार घालवला. प्रत्येक रेडिएटरला पाणी आत जाताना किती गरम, बाहेर येताना किती, ते लिहायचं, लवकर तापणाऱ्याचा स्क्रू पाव वळण आवळायचा, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा लिहायचं. संध्याकाळपर्यंत घरातले नऊच्या नऊ रेडिएटर दहा मिनिटांच्या आत एकदमच तापायला लागले. मागच्या खोलीतला सुद्धा. मात्र एनिडला तोवर दुपारच्या शिवणाची सवय झाली होती, आणि तिच्या मते हेस्टरची ऊब जास्त मऊ होती. ती आता शिवणयंत्र घेऊन हेस्टरच्या स्वयंपाकघरात बसते. मागच्या खोलीत संध्याकाळी सेल्विन एकटा असतो, बाही वर करून, खिडकी किंचित उघडून.

माझ्या दुकानात तो तीन महिने आला नाही. आला तेव्हा एक वॉशर घेतला आणि माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलला. मीही काही सुचवलं नाही.

गेली चार वर्षं गावात कुणाचा रेडिएटर नीट तापत नसला तर लोक सेल्विनला बोलावतात. तो काही घेत नाही. जाऊन सगळ्यात आधी तो घरातला बॉइलर पूर्ण बंद करायला लावतो, खुर्ची मागून घेतो, आणि रेडिएटरवर हात ठेवून अर्धा तास नुसता बसतो, तो गार होतोय की नाही ते पाहायला. आतापर्यंत अकरा घरं झाली. सात ठिकाणी हवा होती, एका ठिकाणी गाळ, दोन ठिकाणी रेडिएटरला सोफा चिकटवून ठेवला होता. अकराव्या घरी, म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये पियानो वाजवणाऱ्या मिसेस लमच्या घरी, काहीच बिघाड नव्हता. रेडिएटर कडकडीत तापलेला. सेल्विनने तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो का, बरं झालं, आता आलाच आहात तर बसा थोडं, केक आहे.

तो पावणेदोन तास बसला. वहीत त्याने तेवढीच नोंद केली आहे, आणि रेडिएटरचा रकाना कोरा सोडला आहे.